ठिपके मोजणारी माणसे

एडुआर्ड फॉन येगर हे व्हिएन्नाचे नेत्रवैद्य. हात मात्र चित्रकाराचा. डोळ्याच्या आत डोकावून पाहिलेला पडदा ते स्वतः रंगवीत आणि एकेका चित्रासाठी रुग्णाला पुन्हापुन्हा बसवीत. १८५५-५६च्या सुमारास त्यांनी एका मधुमेही रुग्णाच्या पडद्यावर काय दिसले ते प्रसिद्ध केले. पडद्याच्या मध्यभागी, जिथे नजर सर्वांत तीक्ष्ण असते तिथेच, पिवळसर गोलसर ठिपके होते आणि रक्त झिरपल्याच्या खुणा होत्या. हे मधुमेहामुळे झाले आहे, असे येगर यांचे म्हणणे.

बर्लिनच्या अल्ब्रेख्त फॉन ग्रेफे यांना ते पटले नाही. नेत्रविद्येत त्या काळी ग्रेफे यांच्याइतका दबदबा दुसऱ्या कुणाचा नव्हता, त्यामुळे त्यांच्या नकाराला वजन होते. शिवाय आक्षेपाला जागाही होती. मधुमेह्याच्या पडद्यावर डाग दिसले म्हणजे ते मधुमेहानेच पडले असे कसे म्हणायचे? अशा माणसाची मूत्रपिंडेही बऱ्याचदा बिघडलेली असतात, धमन्या कडक झालेल्या असतात, वय उतरणीला लागलेले असते. एका चित्रावरून यातला गुन्हेगार कोण ते ठरत नाही.

हा वाद मिटायला जवळपास नव्वद वर्षे लागली. डाग मधुमेहाचेच हे ठरल्यावरही त्यांचे करायचे काय, यावर एकमत व्हायला आणखी तीस वर्षे गेली. या काळात उपकरणे एकाहून एक सरस आली. पण मला या इतिहासात उपकरणांपेक्षा जास्त मोलाची वाटते ती दुसरीच गोष्ट: दहा डॉक्टरांनी एकच पडदा पाहावा आणि दहाही जणांनी एकच उत्तर द्यावे, यासाठी केलेली खटपट. ती खटपट तशी रुक्ष, कारकुनी म्हणावी अशी. पण लाखो लोकांची दृष्टी वाचली ती तिच्यामुळे.

मुळात जिवंत माणसाच्या डोळ्याचा पडदा दिसू लागून येगर यांच्या काळी पाचच वर्षे झाली होती. डोळ्याची बाहुली काळी दिसते, कारण आत गेलेला प्रकाश ज्या वाटेने गेला त्याच वाटेने परत फिरतो. तो पाहायचा तर आपला डोळा त्या वाटेवर, म्हणजे दिव्याच्याच जागी हवा. आणि आपले डोके मध्ये आले की दिवा झाकला जातो. १८५०च्या अखेरीस क्योनिग्सबर्गमध्ये शरीरक्रियाशास्त्र शिकवणाऱ्या हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी हा पेच सोडवला. पुठ्ठा, भिंग आणि काचेच्या पातळ पट्ट्या घेऊन त्यांनी जुळणी केली. तिरक्या धरलेल्या काचांवरून दिव्याचा उजेड रुग्णाच्या डोळ्यात जाई आणि परतणारा उजेड त्याच काचांतून आरपार पाहणाऱ्याच्या डोळ्यात येई. १८५१ मध्ये त्यांनी त्याची पुस्तिका छापली. गणकयंत्रासाठी प्रसिद्ध असलेल्या चार्ल्स बॅबेज यांनीही १८४७ मध्ये लंडनमध्ये असेच उपकरण करून एका नेत्रवैद्याला दाखवले होते. त्या वैद्याला त्याचा उपयोग कळला नाही आणि श्रेय क्योनिग्सबर्गला गेले.

पुढच्या चाळीस वर्षांचा हिशेब थोडक्यात सांगता येतो. १८७२ मध्ये लंडनच्या एडवर्ड नेटलशिप यांनी मधुमेह्याच्या पडद्यावरची सूज आणि द्रवाने भरलेल्या पोकळ्या प्रत्यक्ष ऊतींमध्ये दाखवल्या. १८७६ मध्ये विल्हेल्म मान्झ यांनी पडद्यावर उगवणाऱ्या आणि त्याला ओढून काढणाऱ्या तंतुमय जाळ्याचे वर्णन केले. १८९० मध्ये बर्लिनच्या युलियस हिर्शबर्ग यांनी मधुमेहातल्या डागांची वर्गवारी मांडली. पुरावा साठत होता, तरी नेत्रवैद्यांचा मोठा गट तो रक्तदाब आणि धमन्यांच्या खात्यावर मांडतच राहिला.

निकाल लागत नव्हता याचे एक कारण पडद्यावर नव्हतेच. मधुमेह्यांपैकी ज्यांचा आजार लहानपणी सुरू होई, ती मुले डोळे बिघडण्याइतकी जगतच नसत. डॉक्टरांसमोर येत ते बहुतेक प्रौढ आणि वृद्ध रुग्ण, म्हणजे ज्यांना रक्तदाब वगैरे इतर विकारही असायचे तेच. १९२२च्या जानेवारीत टोरांटोत चौदा वर्षांच्या लेनर्ड थॉम्प्सनला इन्शुलिनचे इंजेक्शन दिले गेले आणि चित्र पालटले. जी मुले दोन-तीन वर्षांत गेली असती ती तरुण झाली, लग्ने करू लागली. मग पंधरा-वीस वर्षांनी, पस्तिशीच्या आतबाहेर, त्यांच्यातल्या अनेकांच्या नजरेपुढे जाळे दिसू लागले. त्यांच्या धमन्या म्हाताऱ्या झालेल्या नव्हत्या, तरी पडद्यावर तेच डाग होते. इन्शुलिनने जीव वाचवला आणि एका नव्या आजाराला वाढायला वेळही दिला.

याच सुमारास कुणीतरी शांतपणे मोजदाद करायची गरज होती. बॉस्टनमध्ये जॉस्लिन यांच्या मधुमेह चिकित्सालयाशी जोडलेल्या वेट आणि बीथम या दोन नेत्रवैद्यांनी ती केली. १९३५ मध्ये त्यांनी २,००२ मधुमेह्यांचे डोळे तपासल्याचा अहवाल छापला, आणि तुलनेसाठी मधुमेह नसलेले ४५७ जणही तपासले. ग्रेफे यांच्या आक्षेपाला उत्तर द्यायचे तर ते याच मार्गाने देता येत होते.

पण त्या डागांमधला पहिला डाग कोणता, हे सापडले ग्लासगोत. आर्थर बॅलंटाइन आणि त्यांचे सहकारी लोवेनस्टाइन यांनी १९४३ मध्ये दाखवले की मधुमेह्याच्या पडद्यावर सुरुवातीला दिसणारे लाल ठिपके सगळेच काही सांडलेले रक्त नसतात. केशवाहिनीची भिंत जागोजागी फुगून झालेले ते बारीक फुगवटे असतात. डॉक्टर त्यांना मायक्रोअ‍ॅन्युरिझम म्हणतात. आकार मिलिमीटरच्या फार तर दहाव्या हिश्श्याएवढा; लहान फुगवटे तर नेत्रवैद्याच्या दुर्बिणीलाही दिसत नाहीत. पुढे बाल्टिमोरच्या योनास फ्रीडनवाल्ड यांनी आणि लंडनच्या नॉर्मन ॲश्टन यांनी हे काम वाढवले. १९६०च्या सुमारास बॉस्टनच्या डेव्हिड कोगन आणि तोइचिरो कुवाबारा यांनी आणखी एक युक्ती केली. मृत्यूनंतर मिळालेला पडदा त्यांनी ट्रिप्सिन या पाचक रसात ठेवला. बाकीचे मांस विरघळले आणि मागे उरले ते केवळ रक्तवाहिन्यांचे जाळे, काचेवर पसरून पाहता येईल असे. त्यात दिसले की केशवाहिन्यांना बाहेरून बिलगून असलेल्या आधारपेशी मधुमेह्यांमध्ये आधी मरतात. भिंत फुगते ती त्यानंतर.

इथे त्या खुणांची ओळख करून देतो, कारण पुढची सगळी हकीकत त्यांच्याभोवती आहे. आधी फुगवटे. मग फुगवट्यांतून झिरपलेले रक्त, ठिपक्यांसारखे आणि शाईच्या डागांसारखे. झिरपलेल्या रक्तरसातली चरबी साठून झालेले पिवळे कडक ठिपके. येगर यांनी रंगवले होते ते बहुधा हेच. रक्तपुरवठा तुटलेल्या जागी कापसाच्या बोळ्यासारखे पांढरट डाग. शिरा मण्यांच्या माळेसारख्या जागोजागी जाड-बारीक होणे. पडद्याच्या आतच वेडीवाकडी वळणे घेणाऱ्या केशवाहिन्या. आणि सर्वांत शेवटी नव्या रक्तवाहिन्या: नाजूक, कुठेही फुटणाऱ्या, पडद्यावरून उठून डोळ्यातल्या पारदर्शक गरात शिरणाऱ्या. त्या फुटल्या की रुग्ण म्हणतो, डोळ्यात रक्त उतरले. त्यांच्याबरोबर वाढलेले तंतू आकसले की पडदा सुटतो. या पायऱ्यांमधली धोक्याची गोष्ट अशी की शेवटच्या पायरीपर्यंत रुग्णाला काहीही जाणवले नसेल असे होऊ शकते. वाचता येते, गाडी चालवता येते, मग डॉक्टरकडे कशाला जायचे?

या खुणा डॉक्टरांच्या डोळ्याला दिसत होत्या; कागदावर टिकवणे वेगळे. १८८६ मध्ये ब्रिस्टलच्या जॅकमन आणि वेब्स्टर यांनी जिवंत माणसाच्या पडद्याचा फोटो छापला, तेव्हा त्या माणसाला अडीच मिनिटे न हलता बसावे लागले होते. आणि एवढे करून फोटोत दिसला तो धूसर गोळा. स्वीडनच्या आल्वार गुल्स्ट्रांड यांनी डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागावरून येणारी चमक टाळायचे गणित बसवले. त्याच्या आधाराने योहान नॉर्डेन्सन यांनी झाइस कंपनीबरोबर कॅमेरा सिद्ध केला आणि १९२६ मध्ये तो बाजारात आला. १९५०च्या दशकात त्याला विजेचा फ्लॅश जोडला गेला. डोळा हलायच्या आत फोटो निघू लागला.

आणि मग इंडियानात दोन विद्यार्थ्यांनी या कॅमेऱ्याला रक्ताचा प्रवाह पकडायला लावले. हॅरल्ड नोव्होटनी आणि डेव्हिड अल्विस हे वैद्यकीय महाविद्यालयात शिकत होते. पडद्यातल्या रक्तात प्राणवायू किती, हे फोटोवरून मोजता येईल का, यावर काम करणाऱ्या डॉ. जॉन हिकम यांच्याकडे ते हाताखाली होते. हिकम हे काही नेत्रवैद्य नव्हते, आणि ही मुलेही. कदाचित म्हणूनच त्यांना सुचले. फ्लुरेसिन नावाचा एक रंग आहे. १८७१ मध्ये अडॉल्फ फॉन बायर यांनी तो प्रयोगशाळेत बनवला होता. निळा उजेड पडला की तो हिरवा चमकतो. तो शिरेत टोचला, फ्लॅशपुढे निळी काच ठेवली, फिल्मपुढे हिरवी काच ठेवली, तर फिल्मवर उमटेल ते फक्त वाहते रक्त. आधी सशांवर करून पाहिले. मग माणूस हवा होता. दोघांनी नाणे उडवले, अल्विस हरले, आणि नोव्होटनींनी त्यांच्या शिरेत सुई घातली.

काही सेकंदांत रंग डोळ्यात पोचतो. काळ्या-पांढऱ्या फिल्मवर आधी धमन्या उजळतात, मग केशवाहिन्यांचे जाळे, मग शिरा. मधुमेह्याच्या डोळ्यात हा क्रम बिघडलेला दिसतो. फुगवटे ताऱ्यांसारखे लकाकतात. साध्या तपासणीत मोजलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त. नव्या रक्तवाहिन्यांतून रंग भसाभस गळतो. आणि जिथे केशवाहिन्या बंद पडल्या आहेत तिथे काहीच उजळत नाही, नुसते काळे पट्टे राहतात. आजाराचे मूळ त्या काळ्या पट्ट्यांत होते. रुग्णाला सहसा त्रास एवढाच, की दिवसभर कातडी पिवळी आणि लघवी रंगीत. काहींना मळमळते.

या विद्यार्थ्यांचा लेख नेत्रविज्ञानाच्या मासिकाने परत पाठवला. असे काम आधी झालेले आहे, यात नवे काय, असे कारण दिले गेले. शेवटी १९६१ मध्ये तो छापला हृदयविकारावरच्या ‘सर्क्युलेशन’ या नियतकालिकाने. आज जगभर पडद्याच्या डॉक्टरांकडे ही चाचणी रोजची आहे.

पाहायचे साधन असे हाती आले, पण उपचाराच्या नावाने तेव्हा काय चालले होते ते वाचताना अंगावर काटा येतो. १९५३ मध्ये डेन्मार्कच्या याकोब पौल्सन यांनी एका मधुमेही स्त्रीची हकीकत छापली. बाळंतपणातल्या आघाताने तिची पियुषिका ग्रंथी निकामी झाली, आणि त्यानंतर तिच्या पडद्यावरचे डाग चक्क कमी झाले. या एका निरीक्षणावरून पुढची वीसेक वर्षे शेकडो मधुमेह्यांची पियुषिका ग्रंथी काढली गेली किंवा किरणोत्सारी धातूने जाळली गेली. मेंदूच्या तळाशी असलेली ही ग्रंथी गेली की शरीरातल्या बहुतेक संप्रेरकांचा तोल कोसळतो. माणूस आयुष्यभर औषधांवर राहतो आणि इन्शुलिनची मात्रा सांभाळणेही जिवावर बेतते. तरीही आंधळेपणाच्या भीतीने रुग्ण तयार होत.

उपचाराने काही उपयोग होतो का? अडचण इथेच होती. मधुमेहातल्या पडद्याचे वागणे लहरी असते. नव्या रक्तवाहिन्या काही डोळ्यांत आपण होऊन वाळून जातात. एका डॉक्टरच्या मते सुधारलेला पडदा दुसऱ्याला जसाच्या तसा दिसतो. तेव्हा लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातल्या गटाने, ज्यात मूळच्या हंगेरियन एव्हा कोनर होत्या, १९६७ मध्ये एक पद्धत मांडली. ठरलेल्या फोटोंचा एक संच करायचा आणि प्रत्येक रुग्णाचा फोटो त्या संचाशेजारी ठेवून पाहायचा: यापेक्षा कमी, याच्याएवढा, की यापेक्षा जास्त? ‘बरेच डाग’ किंवा ‘थोडी सुधारणा’ असल्या शेऱ्यांना त्यात जागा नव्हती.

दुसरीकडे जर्मनीत गेर्ड मायर-श्विकेराथ वेगळ्याच वाटेने चालले होते. जुलै १९४५च्या सूर्यग्रहणानंतर उघड्या डोळ्यांनी ग्रहण पाहून पडदा भाजून घेतलेले लोक दवाखान्यांत येऊ लागले. त्यात एक वैद्यकीय विद्यार्थी होता. त्याच्या पडद्यावरचा घट्ट व्रण पाहून त्यांच्या मनात आले की हे भाजणे मुद्दाम, हव्या त्या जागी करता आले तर? हँबर्गच्या नेत्रचिकित्सालयाच्या छपरावर आरसे लावून त्यांनी सूर्यकिरण खाली खोलीत आणले आणि पडद्यातली भोके डाग देऊन बंद करून दाखवली. पण हँबर्गचे आभाळ ढगाळ. पुढे झाइसचे हान्स लिटमन यांच्याबरोबर त्यांनी झेनॉनच्या दिव्याचे यंत्र तयार केले. १९६० मध्ये लेसरचा शोध लागला. बॉस्टनमध्ये बीथम, वर उल्लेख आलेले तेच, आणि लॉइड आयेलो यांना एक गोष्ट खटकत होती: ज्या मधुमेह्यांच्या पडद्यावर दुसऱ्या कुठल्या जुन्या आजाराचे व्रण आहेत, त्यांच्यात मधुमेहाचे डाग कमी दिसतात. मग असे व्रण आपणच केले तर? १९६७च्या सुमारास ते रुबी लेसरने पडद्यावर विखुरलेले डाग देऊ लागले. वर्षभरात न्यूयॉर्कच्या फ्रान्सिस लेस्पेरॉन्स यांनी आर्गॉन लेसर आणला. आजारी रक्तवाहिनीला हात न लावता आजूबाजूचा निरोगी पडदा जाळायचा, ही कल्पना तेव्हा अनेकांना वेडेपणाची वाटली.

सप्टेंबर १९६८च्या शेवटी व्हर्जिनियात वॉरंटनजवळच्या एअरली हाउस या जागी हे सगळे एकत्र आले: पियुषिका काढणारे, लेसर मारणारे, मधुमेहतज्ज्ञ, पॅथॉलॉजिस्ट. अमेरिकेची राष्ट्रीय नेत्रसंस्था त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये स्थापन झाली होती. प्रत्येकाकडे आपापल्या रुग्णांचे दाखले होते. पण एकाचा दाखला दुसऱ्याच्या मोजपट्टीत बसत नव्हता. हॅमरस्मिथची कल्पना पुढे नेऊन तिथे जी वर्गवारी ठरली ती एअरली हाउसच्या नावानेच ओळखली जाते. तिचा कणा फोटोंचा. तीस अंशांच्या कॅमेऱ्याने पडद्याचे सात ठरलेले भाग टिपायचे: एक चौकट दृष्टिचेतेच्या मुळाशी, एक मध्यबिंदूवर, एक त्याच्या बाहेरच्या बाजूला आणि चार कोपऱ्यांत चार. प्रत्येक चौकट दोनदा, किंचित बाजूला सरकून, म्हणजे जोडीने पाहिल्यावर खोली कळावी. दोन्ही डोळ्यांचे मिळून अठ्ठावीस फ्लॅश. रुग्णांनी हे निमूट सोसले याची नोंद कुणी ठेवत नाही, म्हणून इथे ठेवतो.

मग तुलनेसाठी नमुन्याचे फोटो. त्यांना नावे नव्हती, फक्त क्रमांक. रक्ताचे डाग किती म्हणजे गंभीर? ‘२अ’ क्रमांकाच्या फोटोएवढे किंवा त्याहून जास्त. वेड्यावाकड्या केशवाहिन्यांसाठी ‘८अ’. दृष्टिचेतेच्या मुळाशी उगवलेल्या नव्या रक्तवाहिन्यांसाठी ‘१०अ’. त्यात त्यांनी मुळाचा साधारण चौथा ते तिसरा हिस्सा व्यापलेला होता. विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन शहरी, मॅथ्यू डेव्हिस यांच्या देखरेखीखाली, फोटो वाचायचे केंद्रच उघडले. तिथे बसून फोटो वाचणाऱ्यांनी रुग्णाला कधी पाहिलेले नसे. कोणत्या डोळ्याला उपचार झाला हेही त्यांना सांगितले जात नसे. लेसरचे व्रण फोटोत दिसतात, त्यामुळे हे दरवेळी पाळता येत नव्हते हे खरे. पण आपल्या हाताने बऱ्या केलेल्या डोळ्याचा निवाडा आपणच करायचा, ही जुनी रीत तिथे मोडली.

त्या मोजपट्टीवर १९७० नंतर उभा राहिला तो पहिला मोठा प्रयोग, डायबेटिक रेटिनोपथी स्टडी. पंधरा केंद्रे, सतराशेंहून अधिक रुग्ण, सगळ्यांच्या दोन्ही डोळ्यांत आजार. प्रत्येक रुग्णाचा एक डोळा चिठ्ठी टाकून निवडायचा आणि त्याला लेसर किंवा झेनॉन द्यायचा. दुसरा तसाच ठेवायचा. आर्गॉनने एका डोळ्यात आठशे ते सोळाशे डाग, प्रत्येक अर्ध्या मिलिमीटरचा. आजच्या वाचकाला हे क्रूर वाटेल. पण तेव्हा प्रामाणिक उत्तर ‘माहीत नाही’ हेच होते. शिवाय जाळलेला पडदा परत येत नाही. कडेची नजर आणि अंधारातले दिसणे कमी होते, म्हणून सरसकट सगळ्यांना जाळत सुटणे हीच खरी बेजबाबदारी ठरली असती.

१९७६ मध्ये, ठरलेल्या मुदतीच्या आधीच, निकाल जाहीर करावा लागला. दोन वर्षांत उपचार न झालेल्या डोळ्यांपैकी १६.३ टक्के डोळ्यांची दृष्टी जवळजवळ गेली होती. उपचार झालेल्यांत ते प्रमाण ६.४ टक्के होते. फरक इतका मोठा होता की तसेच ठेवलेले धोक्याचे डोळेही लगेच उपचाराखाली आणण्याचे ठरले. धोक्याचे कोणते? ज्यांचा फोटो ‘१०अ’ला गाठतो किंवा ज्यांच्यात नव्या वाहिन्यांबरोबर रक्तही सांडले आहे, ते. पियुषिका काढण्याचा अध्याय इथे मिटला.

पुढच्या प्रयोगात, १९८०च्या दशकात, ३,७११ रुग्ण होते. लेसर किती लवकर द्यावा आणि मध्यभागाची सूज कशी आवरावी, हे त्याने ठरवले. पडद्याचे डॉक्टर आजही शिकवताना ‘चार-दोन-एक’ म्हणतात ते तिथलेच: चारही चतुर्थांशांत गंभीर रक्तस्राव, किंवा दोनांत मण्यांसारख्या शिरा, किंवा एकात वेड्यावाकड्या केशवाहिन्या दिसल्या तर आजार तीव्र समजायचा, कारण अशा डोळ्यांपैकी सुमारे निम्म्यांत वर्षभरात नव्या वाहिन्या उगवतात. साखर आटोक्यात ठेवल्याने डोळे वाचतात का, हा मधुमेहातला सगळ्यात जुना घरगुती वादही याच फोटोंवर मिटला. १९९३ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या १,४४१ रुग्णांवरच्या अभ्यासाने दाखवले की साखर काटेकोर राखली तर आजार सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी आणि तो वाढण्याचा धोका ५४ टक्क्यांनी घटतो. ‘वाढणे’ म्हणजे त्याच मोजपट्टीवर तीन पायऱ्या पुढे सरकणे.

मात्र फोटो सपाट. मध्यभागाला सूज आहे का, हे जोडीच्या फोटोंतून अंदाजाने ठरवावे लागे. १९९१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या डेव्हिड हुआंग, जेम्स फुजिमोटो, एरिक स्वॉन्सन आणि सहकाऱ्यांनी प्रकाशलहरींच्या व्यतिकरणातून ऊतींचा उभा छेद दाखवणारी पद्धत प्रसिद्ध केली. तिला ओसीटी म्हणतात. पडदा न कापता त्याचे थर दिसू लागले, सुजेचा आकडा मायक्रॉनमध्ये मिळू लागला. याच काळात एक जुने कोडेही सुटले. रक्तपुरवठा तुटलेला पडदा कसले तरी रसायन सोडत असावा आणि त्यामुळे नव्या वाहिन्या उगवत असाव्यात, असा तर्क आयझॅक मायकेलसन यांनी १९४८ मध्येच केला होता. ते रसायन म्हणजे व्हीईजीएफ, असे १९९४ मध्ये बॉस्टनच्या गटाने मधुमेह्यांच्या डोळ्यातल्या द्रवातून दाखवले. आज डोळ्यात जी इंजेक्शने देतात ती मुख्यतः यालाच रोखणारी, आणि पुढचे इंजेक्शन कधी हे बहुतेक वेळा ओसीटीचा आकडा पाहून ठरते.

फोटो वाचायचे कौशल्य प्रयोगांतून बाहेर पडून सगळ्या जनतेपर्यंत जावे, हे काम इंग्लंडने नेटाने केले. २००३ पासून तिथे प्रत्येक मधुमेह्याला डोळ्यांच्या फोटोसाठी बोलावण्याची राष्ट्रीय योजना उभी राहिली. २००९-१०च्या आकडेवारीत, पाच दशकांत पहिल्यांदा, इंग्लंड-वेल्समधल्या कामकरी वयाच्या लोकांत अंधत्वाचे पहिले कारण मधुमेह राहिला नव्हता. त्याची जागा पडद्याच्या आनुवंशिक आजारांनी घेतली होती. केवळ फोटोंमुळे हे घडले असे कुणी म्हणणार नाही. पण बिनतक्रार चालते-फिरते लोक वेळेत लेसरखाली आले ते फोटोंमुळेच.

आपल्याकडे मधुमेही सुमारे १०.१ कोटी, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले देशव्यापी सर्वेक्षण सांगते. इतके फोटो वाचायला माणसे आणायची कुठून? २०१६ मध्ये गूगलच्या संशोधकांनी फोटो वाचणारा संगणकी कार्यक्रम मांडला. त्याला शिकवायला १,२८,१७५ फोटो वापरले होते; त्यातले काही मदुराईच्या अरविंद, चेन्नईच्या शंकर नेत्रालय आणि बंगळूरच्या नारायण नेत्रालयातून आलेले. ५४ डॉक्टरांनी एकेक फोटो तीन ते सात वेळा वाचला होता, कारण एकाच फोटोवर त्यांचे मत सारखे पडत नव्हते. आणि बहुमताने जे ठरले तेच यंत्राला सत्य म्हणून दिले गेले.

मुंबई महापालिकेच्या दवाखान्यांत अशाच, पण वेगळ्या एका कार्यक्रमाची चाचणी झाली. डॉ. एस. नटराजन आणि सहकाऱ्यांचा तो अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. आरोग्य कर्मचाऱ्याच्या हातात स्मार्टफोनला जोडलेला पडद्याचा कॅमेरा होता, आणि निदान त्याच फोनवर, इंटरनेटशिवाय. मधुमेहाच्या गोळ्या घ्यायला आलेल्या माणसाला तिथल्या तिथे कळत होते की नेत्ररुग्णालयात जायला हवे की नाही. यंत्राने तीव्र आजाराचे डोळे सहसा सोडले नाहीत. काही निरोगी डोळ्यांनाही मात्र उगीच पुढे पाठवले.

इकडे मोजपट्टीवरच नवे प्रश्न उभे राहिले आहेत. आता असे कॅमेरे आले आहेत, जे एका फोटोत पडद्याचा बहुतेक भाग टिपतात, आणि सात चौकटींच्या बाहेर, कडेला, बरेच डाग सापडतात. कडेचे डाग असलेल्या डोळ्यांत आजार जास्त वेगाने वाढतो, असे बॉस्टनच्या एका अभ्यासात दिसले होते. २०२२ मध्ये आलेल्या मोठ्या पाहणीत ते रंगीत फोटोंवरून सिद्ध झाले नाही. फ्लुरेसिन टोचून काढलेल्या फोटोंवरून मात्र झाले. म्हणजे कोणते डाग मोजायचे आणि कोणत्या उजेडात, यावर पुन्हा बैठका सुरू आहेत. तोवर मॅडिसनमधल्या वाचकांच्या टेबलावर आणि संगणकांच्या स्मृतीत नमुने तेच आहेत: २अ, ८अ, १०अ.